तीस वर्षांची बाटली नासत कशी नाही?

द्राक्षबागेत कामाला जाणाऱ्या एका गटाने आम्हाला विचारले होते, "फ्रान्सची लाल वाईन म्हणे तीस-तीस वर्षे ठेवतात. आमच्याकडे द्राक्षाचा रस दोन दिवसांत आंबतो. मग ती नासत कशी नाही?" आज तेवढ्याच प्रश्नावर बोलू. एक आधीच सांगतो. वाईनमध्ये शंभरात साधारण तेरा भाग मद्यार्क असतो, म्हणजे ती दारूच. "लाल वाईन हृदयाला चांगली" असे कोणी सांगत असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे, की दारूचे कुठलेच प्रमाण निर्धोक नाही.

आता फ्रान्समध्ये जाऊ. नैर्ऋत्येला बोर्दो शहर आहे. तिथून उत्तरेला, जिरोंद खाडीच्या काठाने मेदोक नावाचा पट्टा लागतो, आणि त्यात मार्गो हे गाव. तिथल्या 'शातो मार्गो' या बागेची वाईन १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी झालेल्या प्रतवारीत पहिल्या वर्गात बसली. ही प्रतवारी दलालांनी केली होती, वर्षानुवर्षे मिळालेला बाजारभाव पाहून. जमीन म्हणाल तर गोटे आणि वाळू. पाणी लगेच निचरते, वेलीला मुळे खोल न्यावी लागतात. आपल्यासारखी खरड छाटणी आणि गोडी छाटणी तिथे नाही. थंडीत पाने गळून वेल झोपते, तेव्हा एकदाच छाटतात. माल सप्टेंबर-ऑक्टोबरात निघतो, आणि नेमका तेव्हा पाऊस लागला तर वर्ष हलके जाते. म्हणूनच बाटलीवर साल छापलेले असते.

तिथले मुख्य वाण काबर्ने सोव्हिन्यों. दाणा बारीक, साल जाड. काळे द्राक्ष सोलून पिळून पाहा, रस जवळजवळ बिनरंगीच निघतो. रंग सालीत असतो. म्हणून लाल वाईनचा रस सालीसकट आणि बियांसकट आंबवतात. सालीबियांतून रंगाबरोबर आणखी एक गोष्ट उतरते, ती म्हणजे तुरटपणा. हिरडा चघळला की जीभ कशी ओढल्यासारखी होते? त्या तुरट द्रव्याला टॅनिन म्हणतात. आपल्या लाळेत प्रथिने असतात, टॅनिन त्यांना धरते आणि तोंड कोरडे पडते. मार्गोची कोवळी वाईन अशीच असते, गर्द जांभळी आणि कडक तुरट.

मग ती ओकच्या लाकडी पिंपांत जाते. एका पिंपात २२५ लिटर, म्हणजे तीनशे बाटल्या. दीड-दोन वर्षे ती तिथे राहते. लाकडातून थोडी थोडी उडून जाते, म्हणून पिंप पुन्हा पुन्हा काठोकाठ भरावे लागते. मोकळी हवा मिळाली, की वाईनचा सिरका होतो. तुमचा रस बिघडतो त्यात मोठा हात या हवेचाच. पिंप निर्जंतुक ठेवायला गंधकाचा धूर देतात. गंधक तुम्हाला नवे नाही, भुरीवर मारतोच की.

बाटलीत भरण्याआधीचे काम मात्र अगदी स्वयंपाकघरातले आहे. एका पिंपात पाच-सहा अंड्यांचा पांढरा बलक फेटून घालतात. बलक म्हणजे प्रथिनच. लाळेसारखाच तो जादा टॅनिनला धरतो आणि घेऊन तळाशी बसतो. उरलेल्या पिवळ्या बलकांतून बोर्दोची 'कानेले' नावाची गोड मिठाई निघाली असे तिकडे सांगतात. खरे-खोटे बायकांनाच माहीत!

बाटल्या अंधाऱ्या तळघरात, बारा-तेरा अंशांच्या गारव्यात आडव्या ठेवतात. त्यामुळे बूच ओले राहते, आक्रसत नाही, आणि हवा आत शिरते ती नावापुरतीच. पुढच्या वर्षांत टॅनिन आणि रंगाचे कण एकमेकांना जोडून मोठे होतात, जड होतात आणि गाळ बनून खाली बसतात. जांभळा रंग विटकरी होतो. आधी काळ्या फळांचा आणि फुलांचा वास येत असतो, पुढे देवदाराच्या लाकडाचा, तंबाखूचा, पावसात भिजलेल्या पालापाचोळ्याचा येऊ लागतो. जो तुरटपणा सुरुवातीला नकोसा वाटतो, तोच आंबटपणाच्या जोडीने वाईनला इतकी वर्षे धरून ठेवतो.

पण जुने ते सगळे चांगले, हे वाईनला लागू नाही. कमी मिठाचे लोणचे वर्षभर ठेवले म्हणून मुरत नाही, बुरशी येते. जगातली बहुतेक वाईन वर्षा-दोन वर्षांत संपवण्यासाठीच केलेली असते. मार्गोचेही दिवस उतरले होते. १९७७ मध्ये मेंत्झेलोपुलोस कुटुंबाने ती विकत घेतली, १९८० मध्ये वडील वारले आणि कारभार मुलीकडे, कोरीनकडे आला. पुढे चाळीस वर्षांहून अधिक काळ तिने तो सांभाळला. सगळा माल मोठ्या नावाखाली विकायचा नाही, हा तिथला नियम. जो उतरता निघेल तो दुसऱ्या नावाने कमी भावात जातो. पॅकहाऊसमध्ये निर्यातीचा माल निवडणाऱ्या हातांना हे वेगळे सांगायला नको.

जुनी बाटली उघडण्याआधी एक-दोन दिवस उभी ठेवतात, गाळ तळाला जावा म्हणून. मग मानेखाली मेणबत्ती धरून वाईन हळूच दुसऱ्या भांड्यात ओततात आणि काळी रेघ दिसली की थांबतात. फार जुनी असेल, तर तिचा वास त्यानंतर तासाभरातही विरून जाऊ शकतो.