ताप अंगात, शूज पायात!

पहाटेचे पाच. थर्मामीटर म्हणतोय १००.४. मोबाइलवर ग्रुपचा मेसेज, ‘आज १६ किमी, विद्यापीठ गेट, ५.३० शार्प!’ आणि मी? मी पॅरासिटामॉलची गोळी गिळून शूजच्या लेस बांधतेय.

आई दारात उभी. “अगं, अंग तापलंय तुझं.”

“पळून आले की घाम येईल आणि उतरेल गं.”

हे अगाध ज्ञान मला कुणी दिलं, आठवत नाही. पण आपल्या छत्रपती संभाजीनगरातल्या कुठल्याही रनिंग ग्रुपमध्ये आठवडाभर जा, एकदा तरी कानावर पडेल. त्याच्याच जोडीला ‘बॉडीला ऐकवायचं असतं, बॉडीचं ऐकायचं नसतं’ हेही पडेल. टी-शर्टवर छापायला मस्त आहे.

तर, हाफ मॅरेथॉनला तीन आठवडे उरले होते. नेटवरून उतरवलेलं बारा आठवड्यांचं शेड्यूल फ्रिजवर चिकटवलेलं. रोज पळून आलं की चौकोनात लाल टिक. नऊ आठवड्यांत एकही चौकोन रिकामा नाही. खरं सांगायचं तर मी त्या दिवशी शर्यतीसाठी गेलेच नव्हते, टिकसाठी गेले होते.

विद्यापीठ गेटपासून सोनेरी महालाकडे निघालो. डिसेंबरची थंडी, डोंगरांवर धुकं, एकदम फोटोजेनिक माहोल. गोळीमुळे ताप उतरलेला, त्यामुळे मला वाटलं, आपण फिट! तिसऱ्या किलोमीटरला घड्याळ बघितलं. ज्या स्पीडला माझे ठोके एरवी १५०च्या आसपास असतात, तिथे १७८. म्हटलं, घड्याळच बिघडलंय. पाचव्या किलोमीटरला शहारे आले, डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि मी रस्त्याच्या कडेला फतकल मारून बसले. ग्रुपमधले बँकेतून रिटायर झालेले काका स्वतःचं पळणं सोडून स्कूटर घेऊन आले. मी घड्याळ ‘पॉज’ करायला गेले, तर म्हणाले, “पोरी, ते राहू दे आता. बस मागे.”

मग आठ-दहा दिवस सक्तीची बेडरेस्ट. करायला काहीच नव्हतं, म्हणून आपल्याच मराठवाड्यातल्या एका पोराची कारकीर्द वाचत बसले. अविनाश साबळे. बीड जिल्हा, आष्टी तालुका, मांडवा गाव. लहानपणी शाळेसाठी रोज सहा किलोमीटरची पायपीट. बारावीनंतर सैन्यात, महार रेजिमेंट, सियाचीनच्या बर्फातलं पोस्टिंग. २०१५मध्ये सैन्याच्या क्रॉस कंट्रीत उतरला आणि पुढे तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये आला. ही शर्यत म्हणजे २८ अडथळे आणि सात वेळा पाण्यावरून उडी. आम्ही इथे स्पीडब्रेकरला कुरकुरतो!

त्याचे आकडे मला पाठ होते. २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटं ११.२० सेकंद आणि रौप्य. सोनं हुकलं ते सेकंदाच्या पाच शतांशांनी. २०२३ला हांगझोऊ आशियाईमध्ये सुवर्ण. २०२४ला पॅरिस ऑलिंपिकची फायनल, जिथे या शर्यतीत याआधी एकही भारतीय पुरुष पोचला नव्हता.

या वेळी मात्र मी पदकांच्या मधल्या रिकाम्या जागा वाचल्या. २०१८मध्ये घोट्याच्या दुखापतीमुळे जकार्ताची आशियाई स्पर्धा हुकली. त्याच वर्षी सप्टेंबरात, भुवनेश्वरला, त्याने गोपाल सैनींचा १९८१पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. टोकियो ऑलिंपिक २०२१मध्ये झालं, त्याआधी त्याला कोविडने गाठलं आणि सराव बुडाला. तरी टोकियोत ८ मिनिटं १८.१२ सेकंद, म्हणजे पुन्हा राष्ट्रीय विक्रम! आणि तरीही फायनल नाही. हीटमध्ये सातवा. पात्र न ठरलेल्यांमध्ये सगळ्यात वेगवान. यार, याला काय म्हणायचं? जुलै २०२५मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत पडला, गुडघ्याचा लिगामेंट गेला, शस्त्रक्रिया झाली आणि त्या वर्षीची जागतिक स्पर्धा हुकली.

म्हणजे देशातल्या सर्वोत्तम माणसाच्या शेड्यूलमध्येही असे रिकामे चौकोन आहेत. फरक इतकाच, की त्याला ‘आज नाही’ म्हणणारा कोच आहे, फिजिओ आहे, डॉक्टर आहे. आपल्याकडे कोण? एक प्रिंटआउट आणि व्हॉट्सअॅप ग्रुपमधले अंगठे.

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी ईसीजी काढला. नॉर्मल निघाला तेव्हा कुठे ते बोलायला लागले. पहिला प्रश्न, “काय गं, ताप असताना पळत होतीस?” दुसरा, “गोळी घेऊन?” मान खाली घालण्याशिवाय माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्यांनी सांगितलेला हिशोब सोपा आहे. ताप एक अंश सेल्सिअसने वाढला की हृदयाचे ठोके मिनिटाला साधारण आठ-दहाने वाढतात, बसल्या जागी. त्यावर तुम्ही पळायला लागलात तर काय होईल? गोळीने ताप उतरतो, इन्फेक्शन नाही. आणि काही व्हायरस हृदयाच्या स्नायूलाच सूज आणतात. अशा वेळी जोरात व्यायाम केला तर ठोके बिघडून माणूस दगावूही शकतो. क्वचित होतं, पण धडधाकट, तरुण खेळाडूंमध्येच होतं.

मग गळ्याची रेघ. त्रास गळ्याच्या वर असेल, म्हणजे नुसतं नाक वाहतंय, शिंका येताहेत, तर हळू पळायला हरकत नाही. गळ्याच्या खाली, म्हणजे छातीत कफ, अंगदुखी, पोट बिघडलंय किंवा ताप आहे, तर शूज कपाटात. हा ढोबळ नियम आहे, पण पहाटे पाच वाजता डोकं चालत नसताना ढोबळच बरा. ताप गेल्यावरही लगेच इंटरव्हल नकोत. आधी चालणं, मग हळू जॉगिंग. उठल्या उठल्या नाडी मोजायची, ती नेहमीच्या आकड्यावर आली का बघायचं. छातीत दुखलं, धडधडलं, चक्कर आली तर थेट डॉक्टरकडे.

‘पण पळणाऱ्यांची इम्युनिटी स्ट्राँग असते ना?’ मीही हेच विचारलं. अमेरिकेत १९८७च्या लॉस एंजेलिस मॅरेथॉननंतर एक पाहणी झाली होती. पळालेल्यांपैकी १२.९ टक्के लोकांनी पुढच्या आठवड्यात आजारी पडल्याचं सांगितलं. तेवढीच तयारी करून न पळालेल्यांमध्ये हे प्रमाण २.२ टक्के. नंतरच्या काही संशोधकांनी यावर शंका घेतली आहे, कारण आजार लोकांनी स्वतःच सांगितलेला होता, डॉक्टरांनी तपासलेला नव्हता. तरी माझा तोरा उतरायला एवढं पुरलं.

खरा धक्का दुसऱ्या दिवशी बसला. तापासाठी काढलेल्या रक्तात हिमोग्लोबिन १०.४! बायकांमध्ये १२च्या खाली म्हणजे अॅनिमिया. गेले दोन महिने जिना चढताना धाप लागायची, दुपारी डोळे मिटायचे, चढावर पाय जड व्हायचे. मला वाटायचं, आपण आळशी. म्हणून मी आणखी पळायचे! माझ्यासारख्या काही कमी नाहीत. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रिया अॅनिमिक निघाल्या होत्या. पाळीत लोह जातंच. लांब पळणाऱ्यांचं थोडं घामातून, थोडं पाय सतत आपटण्यातूनही जातं. आणि जेवण झाल्या झाल्या मी कपभर चहा घ्यायचे, जो ताटातलं लोह अंगी लागू देत नाही. आता चहा तासाभराने, मेथीच्या भाजीवर लिंबू आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या. (स्वतःच्या मनाने लोहाच्या गोळ्या सुरू करू नका, प्लीज. आधी रक्त तपासा.)

शर्यत? नाही पळले. डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं, यंदा नाही. दोन दिवस मी घरात कुणाशी धड बोलले नाही. बिब नंबर ड्रॉवरमध्ये टाकला, पुन्हा काढला, पुन्हा टाकला. शर्यतीच्या पहाटे मात्र राहवलं नाही. पाण्याच्या टेबलामागे उभी राहिले आणि तीन तास ग्लास आणि संत्र्याच्या फोडी वाटल्या. माझ्या स्पीडचे लोक समोरून जाताना पोटात कालवलं, खोटं कशाला सांगू?

सतराव्या किलोमीटरला काका आले, घामाने निथळत. ग्लास घेतला, अर्धा डोक्यावर ओतला.

“नाडी किती आज?”

“बासष्ट.”

“मग उद्या गेटवर?”

“फक्त चालायला, काका.”

“हो गं, चालायलाच,” म्हणाले आणि पुढच्या चढाला लागले.