हॉलंडांतील उन्हाळा आणि शेणखताचा प्रश्न

आपल्या संकरित गाईंच्या अंगीं ज्या होल्स्टीन-फ्रीजियन जातीचें रक्त आहे, तिचें माहेर बऱ्याच अंशीं हॉलंडांतील फ्रीसलंड प्रांतांत आहे. (देशाचें खरें नांव नेदरलंड्स, पण आपल्याकडे हॉलंड म्हणण्याचाच प्रघात आहे.) त्या देशीं जून-जुलैचे दोन महिने कृषिशिक्षणाकरितां राहण्याचा योग मला नुकताच आला. वाखेनिंगेन हें ऱ्हाईनच्या एका फांट्याकांठचें लहानसें नगर. तेथील विद्यापीठ १८७६ सालीं सरकारी शेतकी शाळा म्हणून निघालें, आणि १९१८ सालीं त्यास उच्च शिक्षणाचा दर्जा मिळाला. दोन महिन्यांत देश कळतो असा माझा दावा नाहीं. प्रथमदर्शनीं जें मनांत ठसलें तेवढेंच वाचकबंधूंपुढें ठेवतों.

जूनअखेरीस तेथें सूर्य रात्रीं दहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळें पहिले कांहीं दिवस झोंपेची वेळच सांपडेना. सखल भागांत शेतांना बांध दिसले नाहींत. दोन शेतांमध्यें पाण्यानें भरलेला चर असतो व तोच कुंपणाचें काम करतो. देशाची सुमारें चौथा हिस्सा जमीन समुद्रसपाटीखालीं आहे. पाणी उपसून बाहेर टाकलें नाहीं तर ती बुडावयाची. हें काम निवडून दिलेल्या पाणीमंडळांकडे असून त्यांपैकीं कांहींचें मूळ तेराव्या शतकापर्यंत जातें. जमीनधारक व रहिवासी त्यांस स्वतंत्र पट्टी भरतात. पांझरा नदीवरील फडांत पाटकरी पाणी कसें फिरवितो हें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस ही व्यवस्था फारशी परकी वाटणार नाहीं. आपले लोक पाणी आणण्यासाठीं एकत्र आले, ते लोक पाणी घालविण्यासाठीं.

परंतु खरें नवल वाटलें तें एका गोठ्यांत. गाईंच्या पायांखालची जमीन फटींची असून शेणमूत्र तिच्यांतून खालच्या टांक्यांत पडतें व पातळ खत म्हणून सांठतें. तें केवढ्याला विकतां, असें मीं मालकांस विचारलें. गृहस्थ हसून म्हणाले, "विकतों कसला? नेणाऱ्यासच पैसे मोजतों." दुसऱ्यांदा विचारलें तरी उत्तर तेंच. आमच्या गांवीं एका ट्रॉलीभर शेणखतासाठीं माणूस आगाऊ रक्कम देऊन वाट पाहतो!

याचें कारण समजून घेण्यांत माझा बहुतेक मुक्काम गेला. महाराष्ट्राच्या सातव्या हिश्शाहूनही लहान अशा देशांत दुभत्या गाईच सुमारें १५ लक्ष आहेत. डुकरें व कोंबड्या निराळ्या. एवढ्या जनावरांचा सगळा दाणा तेथें पिकत नाहीं. ब्राझीलसारख्या देशांतील सोयाबीन जहाजांनीं रॉटरडॅम बंदरीं उतरतें. पुढें चीज व लोणी परदेशीं जातें, आणि शेण तेवढें मागें राहतें. त्यांतील जादा नत्र भूजलांत झिरपतें. अमोनिया हवेंत उडून माळरानांवर व वनांवर उतरतो आणि हलक्या जमिनींतील नाजुक वनस्पती गवताखालीं दडपून जातात. म्हणून पातळ खत शिंपडण्यास बंदी आहे, तें जमिनींत खोंचून द्यावें लागतें. युरोपीय संघाच्या नियमानें जनावरांच्या खतांतून हेक्टरी १७० किलोंपेक्षां अधिक नत्र देतां येत नाहीं. हॉलंडास असलेली अधिक मर्यादेची सवलत टप्प्याटप्प्यानें काढून घेण्याचें २०२२ सालीं ठरलें.

यांत शेतकरी कसा अडकला तें पाहण्यासारखें आहे. एप्रिल २०१५ मध्यें दुधाच्या उत्पादनावरील मर्यादा उठली व पुष्कळांनीं गाई वाढविल्या. २०१८ पासून स्फुरदाच्या हिशेबानें गाईंच्या संख्येस पुन्हां लगाम लागला. मे २०१९ मध्यें तेथील वरिष्ठ प्रशासकीय न्यायपीठानें नत्रविषयक परवान्यांची सरकारी योजना अवैध ठरविली, आणि ऑक्टोबरांत हजारों शेतकरी ट्रॅक्टर घेऊन द हेग शहरीं गेले. आमचे गोठेवाले गृहस्थही त्यांत होते. ते म्हणाले, "गोठा वाढवा म्हणून कर्ज मिळालें. आतां गाई कमी करा म्हणतात. पण कर्ज कोणी कमी करीत नाहीं." त्यांच्या म्हणण्याची दुसरी बाजूही आहे, कारण दूषित झालेलें पाणी शेजाऱ्यांनाही प्यावें लागतें. तरी त्यांचा राग मला अनाठायीं वाटला नाहीं.

शेवटच्या आठवड्यांत आम्हां विद्यार्थ्यांस एका शेताचा नत्राचा जमाखर्च मांडावयास दिला. जमेस विकत घेतलेला दाणा व रासायनिक खत. खर्चीं दूध, विकलेलीं जनावरें व बाहेर गेलेलें खत. उरेल तें पाण्यांत, हवेंत किंवा जमिनींत गेलें असें धरावयाचें. वहीपेन्सिलीखेरीज यास कांहीं लागत नाहीं. परत आल्यावर मीं आमच्या उसाचा व दोन गाईंचा तसाच हिशेब मांडण्यास बसलों. युरियाच्या गोण्या जमेस व कारखान्यास गेलेला ऊस खर्चीं लिहिला. शेतांतच जाळलेल्या पाचटाबरोबर गेलेलें नत्र कोणत्या खातीं टाकावें, यावर मात्र वडिलांचें व माझें अजून एकमत झालेलें नाहीं.