ओरत्तनाडू : राजवाड्याच्या दफ्तरातील एक शेतकी गाव

तंजावूरच्या राजवाडा परिसरातील सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी लिपीतील कागदपत्रांचे शेकडो रुमाल जतन केलेले आहेत. भोसले राजवटीच्या या दफ्तरात दरबाराबरोबरच आसपासच्या गावांचे, शेतीचे व धर्मादाय संस्थांचे व्यवहारही नोंदविलेले आहेत. तंजावूर-पट्टुकोट्टै मार्गावरील ओरत्तनाडू या लहानशा शेतकी गावाचा इतिहास अशा दफ्तराशी जोडलेला आहे.

छत्राभोवतीचे गाव

इ. स. १७९९ च्या तहानुसार राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि दुसऱ्या सरफोजी राजांकडे (१७९८-१८३२) तंजावूरचा किल्ला व परिसर एवढीच सत्ता उरली. तथापि, रामेश्वर यात्रेच्या वाटेवरील अन्नछत्रांची व्यवस्था त्यांनी आग्रहाने आपल्याकडे ठेवली. १८०१ मध्ये रेसिडेंटास लिहिलेल्या पत्रात त्यांनी या छत्रांचे महत्त्व विशद केले होते. वाटसरूस जातिधर्माचा भेद न करता अन्न, आजाऱ्यास औषधोपचार आणि अनाथ मुलांचा सांभाळ, असे त्यांचे कार्य होते.

सहचारिणी मुक्तांबा हिच्या स्मृत्यर्थ सरफोजींनी ओरत्तनाडू येथे छत्र उभारले. त्यावरून या वसाहतीस मुक्तांबाळपुरम असेही नाव पडले. येथे अन्नदानासोबत पाठशाळा व रुग्णसेवा यांचीही सोय होती. छत्रांचा खर्च नेमून दिलेल्या जमिनींच्या उत्पन्नातून भागविला जात असे. म्हणजेच शेतात पिकलेले भात वाटसरूच्या पानावर येत असे आणि त्याच उत्पन्नातून मुलांचे शिक्षणही होत असे. शेती व लोककल्याण यांची ही सांगड आजही विचार करावा अशी आहे. १८५५ मध्ये पुरुष वारस नसताना शिवाजी राजे निधन पावले व संस्थान खालसा झाले.

कालव्याने पालटलेले जीवन

कावेरीच्या जुन्या त्रिभुज प्रदेशाच्या तुलनेत ओरत्तनाडूकडील दक्षिण भाग कोरडा होता. तळी व पाऊस यांवरच तेथील शेती अवलंबून असे. १९३४ मध्ये मेट्टूर धरण पूर्ण झाले व कल्लणै येथून नवा कालवा काढण्यात आला. त्यामुळे हा भाग ‘नवा त्रिभुज प्रदेश’ म्हणून ओलिताखाली आला. भात हे येथील मुख्य पीक असून कुरुवै, सांबा व ताळडी असे त्याचे हंगाम आहेत. दक्षिणेकडे नारळाच्या बागा आहेत.

ही समृद्धी मात्र पाण्याच्या वेळापत्रकावर अवलंबून आहे. धरणाचे दरवाजे परंपरेने १२ जून रोजी उघडतात. त्यास उशीर झाला की कुरुवै हंगाम धोक्यात येतो. २०१२ पासून सलग आठ वर्षे ही तारीख पाळता आली नाही. २०२० मध्ये ती पुन्हा साधली. दरम्यान १६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकाने तमिळनाडूस दरवर्षी सोडावयाचे पाणी १७७.२५ अब्ज घनफूट निश्चित केले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आलेल्या ‘गज’ चक्रीवादळाने या पट्ट्यातील नारळाची असंख्य झाडे उन्मळून पडली. नारळाचे नवे झाड फळास येण्यास काही वर्षे लागतात. त्यामुळे अनेक कुटुंबांचे उत्पन्न एका रात्रीत खंडित झाले. २०२० च्या राज्य कायद्याने तंजावूर जिल्ह्यास संरक्षित कृषी क्षेत्राचा दर्जा मिळाला, ही दिलासा देणारी बाब होय.

दुहेरी वारसा

ओरत्तनाडूपुढे आज दोन प्रकारचा ठेवा जपण्याचे काम आहे. एक पाण्याचा व जमिनीचा, दुसरा स्मृतीचा. मोडी वाचू शकणाऱ्यांची संख्या मोजकी आहे. कागद सुरक्षित राहिले तरी वाचणारे हात व डोळे नसतील तर गावाचा इतिहास मुका होईल. मोडीचे प्रशिक्षण, कागदपत्रांचे संगणकीकरण व तमिळमध्ये भाषांतर या कामांना गती मिळणे म्हणूनच आवश्यक आहे. मराठी दफ्तरातून तमिळ शेतकऱ्यास आपल्याच गावाची ओळख व्हावी, यातच त्या छत्राचा खरा वारसा आहे.