टू रॉनीज, द

ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनच्या (बीबीसी) दूरचित्रवाणीवरील एक लोकप्रिय विनोदी विविधरंजन कार्यक्रममाला. रॉनी बार्कर (२५ सप्टेंबर १९२९–३ ऑक्टोबर २००५) व रॉनी कॉर्बेट (४ डिसेंबर १९३०–३१ मार्च २०१६) हे तिचे प्रमुख अभिनेते होत. दोघांच्या नामसादृश्यावरूनच तिला हे नाव मिळाले. १० एप्रिल १९७१ ते २५ डिसेंबर १९८७ या काळात तिच्या १२ मालिका आणि काही नाताळविशेष कार्यक्रम प्रक्षेपित झाले. प्रहसने आणि संगीत-विडंबने ही तिची दोन प्रधान अंगे. ऐकू येणारा ध्वनी तोच ठेवून त्याचा अर्थ पालटणे, हे या दोन्हींतील विनोदाचे समान तत्त्व होय.

बार्कर व कॉर्बेट द फ्रॉस्ट रिपोर्ट (१९६६-६७) या उपरोधपर कार्यक्रमात एकत्र आले. त्यातील इंग्लंडमधील वर्गभेदावरचे प्रहसन (१९६६) विशेष गाजले. उच्चवर्गीय म्हणून उंच जॉन क्लीझ, मध्यमवर्गीय म्हणून बार्कर आणि कामगार म्हणून पाच फूट एक इंच उंचीचा कॉर्बेट, असे तिघे उतरत्या क्रमाने एका रांगेत उभे केलेले होते. वर्गाची ही जाणीव पुढे टू रॉनीजमध्ये मुख्यतः बोलीच्या रूपाने प्रकटली. इंग्रजी विनोदी जोड्यांत सामान्यतः एक जण गंभीर राहून दुसऱ्याच्या विनोदाला वाट करून देतो. येथे मात्र अशी कायमची वाटणी नव्हती. दोघेही स्वतंत्र नट होते आणि भूमिकेनुसार त्यांची कामे बदलत. त्यामुळे कार्यक्रमाचा भर व्यक्तिमत्त्वापेक्षा लेखनावर राहिला.

कार्यक्रमाची मांडणी ठरलेली असे. प्रारंभी दोघे वृत्तनिवेदकांच्या थाटात मेजामागे बसून कल्पित बातम्या सांगत. त्यानंतर प्रहसने, पाहुण्या कलावंताचे गाणे, क्रमशः चालणारी विनोदी चित्रकथा, कॉर्बेटचे एकपात्री कथन, संगीत-विडंबन व अखेरीस पुन्हा बातम्या आणि निरोप, असा क्रम असे. मोठ्या खुर्चीत बसून कॉर्बेट एक लहानसा विनोद सांगू लागे आणि विषयांतरातून विषयांतरात शिरत बऱ्याच वेळाने मूळ विनोदापाशी परते. ही कथने प्रथम स्पाइक मलिन्स व नंतर डेव्हिड रेनविक यांनी लिहिली.

प्रहसनांपैकी पुष्कळशी बार्करने स्वतः लिहिली. परंतु त्यांवर जेरल्ड वायली हे टोपणनाव घातलेले असे. आपले लेखन नटाच्या प्रतिष्ठेमुळे नव्हे, तर गुणवत्तेवर स्वीकारले जावे, हा त्याचा हेतू होता. वायली म्हणजे कोण, याविषयी सहकाऱ्यांत बरेच तर्क चालले आणि अखेर एका भोजनप्रसंगी बार्करनेच ते रहस्य उघड केले. ‘फोर कँडल्स’ (१९७६) हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध प्रहसन. हार्डवेअरच्या दुकानात आलेले गिऱ्हाईक मागते ‘फोर्क हँडल्स’, म्हणजे बागकामाच्या काट्याचे दांडे. मात्र लंडनच्या श्रमिकांच्या बोलीप्रमाणे ‘ह’चा उच्चार गळत असल्याने दुकानदाराला ते ‘फोर कँडल्स’ असे ऐकू येते आणि तो चार मेणबत्त्या काढून देतो. पुढील प्रत्येक मागणीत असाच घोटाळा होऊन दुकानदाराचा संयम संपतो. दोघांपैकी कोणीही मूर्ख नसतो, की कोणी मुद्दाम थट्टाही करीत नसतो. दोष केवळ ध्वनीच्या संदिग्धतेचा असतो. शब्दोच्चार धड न जमणाऱ्यांच्या संस्थेचा प्रवक्ता स्वतःच अक्षरांची उलटापालट करीत आवाहन करतो, हे बार्करचे भाषणही याच जातीचे आहे. रेनविकच्या १९८० मधील प्रहसनात मास्टरमाइंड या प्रश्नमंजूषेचे विडंबन असून, त्यातील स्पर्धक दर वेळी आधीच्या प्रश्नाचे उत्तर देतो. उत्तरे बरोबरच असतात; पण नव्या प्रश्नाला ती जोडली गेल्याने विलक्षण अर्थ निघतात.

संगीत-विडंबनांत हेच तत्त्व सुरांच्या आधारे राबविलेले दिसते. लोकगीते, लष्करी कूचगीते, संगीतिका व एडवर्डकालीन रंजनगृहांतील गाणी यांच्या परिचित चाली एकापाठोपाठ एक गुंफून त्यांवर नवे शब्द बसविले जात. शब्दरचना बहुधा बार्करची आणि संगीत-संयोजन रॉनी हेझलहर्स्टचे असे. चाल ओळखीची असल्याने ओळ कोठे संपणार आणि कोणते यमक येणार, याचा श्रोत्याला अंदाज असतो. नेमक्या त्या जागी अनपेक्षित शब्द आला, किंवा यमकाने सुचविलेला असभ्य शब्द ऐन वेळी टाळला गेला, की हशा उसळतो. यासाठी गायन सुरात, वेगवान व स्पष्ट असावे लागे. मूळ गीतप्रकार काटेकोरपणे सांभाळल्यावाचून त्याचे विडंबन साधत नाही, ही जाण या जोडीला होती. अमेरिकन ग्रामीण गायकांच्या धर्तीवरील ‘जेहोसफॅट अँड जोन्स’ ही त्यांची सोंगे इतकी रुचली, की त्या नावाची ध्वनिमुद्रिकाही निघाली (१९७३).

भरभराटीच्या काळात हा कार्यक्रम दीड कोटीहून अधिक प्रेक्षक पाहत. त्यावर टीकाही झाली. नॉट द नाइन ओ’क्लॉक न्यूज या तरुण पिढीच्या कार्यक्रमाने १९८२ मध्ये ‘द टू निनीज’ हे विडंबन सादर केले. टू रॉनीजच्याच शैलीतील गीतातून त्यांच्या द्व्यर्थी विनोदाची त्यात खिल्ली उडविली होती. बार्करला ती लागली. स्त्रियांच्या हाती सत्ता गेलेल्या २०१२ मधील इंग्लंडचे चित्र रंगविणारी ‘द वर्म दॅट टर्न्ड’ (१९८०) ही क्रमशः कथा, तसेच अन्य वंशीयांची सोंगे आज अनुदार वाटतात. बार्करला आवडणाऱ्या जुन्या समुद्रकाठच्या चावट पोस्टकार्डांची परंपरा त्यांतून डोकावते. उलट, निव्वळ भाषेच्या खेळावर आधारलेली प्रहसने अद्यापि टिकून आहेत. कोणाची व्यक्ती, वर्ग वा वंश हे त्यांच्या हास्याचे लक्ष्य नसल्याने काळ बदलला, तरी त्यांचा आस्वाद उणावत नाही. अर्थात इंग्रजीच्या उच्चारांशी जखडलेले असल्याने त्यांचे भाषांतर मात्र जवळजवळ अशक्य आहे.

बार्करच्या निवृत्तीमुळे १९८७ मध्ये ही माला संपली. २००५ मध्ये दोघे निवडक जुनी प्रहसने सादर करण्यासाठी द टू रॉनीज स्केचबुक या मालेत पुन्हा एकत्र आले. तिचा नाताळविशेष भाग बार्करच्या निधनानंतर प्रक्षेपित झाला.