‘ब्रश अप’ म्हणजे शिकणे नव्हे, उजळणी

क्लासच्या पाटीवर, नोकरीच्या जाहिरातीत, मुलाखतीत आणि हल्ली मोबाइलवरच्या संदेशांतही ‘ब्रश अप’ हा इंग्रजी शब्द वारंवार आढळतो. आपले अनेक कारागीर आणि व्यापारी बंधू त्याचा अर्थ ‘शिकणे’ असा घेतात. हा अर्थ बरोबर नाही. आणि या गैरसमजाची किंमत कधीकधी मजुरीत मोजावी लागते, म्हणून या शब्दाची थोडी फोड आम्ही येथे करीत आहोत.

ब्रशने कोटावरची धूळ झटकून तो पुन्हा अंगात घालण्याजोगा करणे, हा या शब्दामागचा साधा व्यवहार. ब्रिटनमध्ये पूर्वी मोठ्या रेल्वे स्थानकांवर ‘वॉश अँड ब्रश अप’ची सोय असे. प्रवासी तेथे हात-तोंड धुऊन, कपडे झटकून ठाकठीक होत. हाच अर्थ पुढे ज्ञान आणि हुनर यांनाही लागू झाला. जे एकदा चांगले येत होते, पण सवय सुटल्यामुळे ज्यावर धूळ बसली, ते पुन्हा कामाला येईल असे करणे म्हणजे ब्रश अप.

मराठीत यासाठी ‘उजळणी’ हा नेमका शब्द आहे. कारागीर म्हणतात, ‘हात पुन्हा बसवला.’ कल्हईचे उदाहरण घ्या. कल्हईवाला तांब्या-पितळेचे भांडे तापवतो, नवसागर टाकतो आणि आतून कथिलाचा हात फिरवतो. भांडे नवे होत नाही. जुनेच भांडे पुन्हा स्वयंपाकाला लायक होते. पण मुळात भांडेच नसेल तर कल्हई कशाला करणार? ब्रश अपचेही तसेच आहे. आधी काम यायला हवे.

वापराविषयी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ‘ब्रश अप युवर इंग्लिश’ आणि ‘ब्रश अप ऑन युवर इंग्लिश’ ही दोन्ही रूपे चालतात. दुसरे असे की, हा बोलण्यातला शब्द आहे. गप्पांत, फोनवर, ओळखीच्या माणसाला लिहिताना तो शोभतो. अर्जात किंवा बायोडाटात मात्र ‘रिफ्रेशर ट्रेनिंग’ असे लिहावे.

याच्या शेजारचे दोन शब्दही ओळखून घ्यावेत. समजा, एका शिंप्याने बरीच वर्षे फक्त ऑल्टरेशनची कामे केली आणि आता तो शेरवानीच्या कटिंगचा जुना हात पुन्हा बसवतो आहे. हे ब्रश अप झाले. तोच शिंपी संगणकावर पॅटर्न काढायला शिकला, तर ते ‘अपस्किलिंग’, म्हणजे त्याच धंद्यात वरची पायरी. शिवणकाम सोडून मोबाइल दुरुस्ती शिकला, तर ते ‘रिस्किलिंग’.

हा फरक केवळ शब्दांचा नाही. वीस वर्षे गवंडीकाम केलेल्या माणसाने मध्ये चार वर्षे गाडीवर फळे विकली, असे समजू. पुन्हा कामावर जाताना ठेकेदार विचारतो, ‘टाइल्स बसवता येतात का?’ तो संकोचाने म्हणाला, ‘शिकून घेईन,’ तर त्याला हेल्परची मजुरी मिळेल. ‘काम येते, फक्त हात थोडा बसवावा लागेल,’ असे सांगितले तर बोलणे मिस्त्रीच्या मजुरीवरून सुरू होईल. आखाती देशांतील नोकरीच्या मुलाखतीतही हेच घडते.

सरकारी योजनाही हा फरक मानतात. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, गवंडी, शिंपी, न्हावी, कुलूप-कारागीर अशा १८ पारंपरिक व्यवसायांचा समावेश आहे. तिचे प्राथमिक प्रशिक्षण अवघे ५ ते ७ दिवसांचे असते आणि त्या काळात रोज ५०० रुपये विद्यावेतन ठरलेले आहे. पाच-सात दिवसांत नवखा माणूस सुतार होत नाही. ही योजना हाताने आणि अवजारांनी आधीपासून काम करणाऱ्यांसाठीच आहे. म्हणून नाव नोंदवताना आपल्या कामाची वर्षे स्पष्ट सांगावीत, नवशिक्यासारखे बोलू नये.

व्यापाऱ्यांसाठी मात्र एक इशारा आहे. जेथे नियमच बदलला, तेथे उजळणी पुरत नाही. तयार कपड्यांचा जीएसटी पाहा. पूर्वी नगामागे १,००० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १२ टक्के असा दर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के झाला. जुना हिशेब कितीही घोकला तरी बिल चुकीचेच निघणार. येथे धूळ झटकून भागत नाही, कोटच नवा घ्यावा लागतो.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. जे मशीन कधी हाताळलेच नाही, त्याबद्दल ‘जरा ब्रश अप केले की झाले’ असे सांगून काम घेऊ नये. गिऱ्हाइकाचा माल बिघडतो आणि वर्षांची पत एका दिवसात जाते. येत नसेल तर ‘शिकावे लागेल’ हेच खरे उत्तर.

पण येत असेल, तर संकोच नको. मुलाखतीत एवढे एक वाक्य पुरे : ‘आय हॅव डन धिस वर्क बिफोर, आय ओन्ली नीड टु ब्रश अप.’ म्हणजे, हे काम मी केलेले आहे, फक्त उजळणी हवी. हे सांगितल्यावरच मजुरीचे बोलणे करावे.