नायट्रोजन धरून ठेवणारा दगड

सुरतेहून भुसावळकडे निघालेली गाडी नवापूर सोडून पुढे आली की चिंचपाडा लागतं. गावाच्या पायाखाली काळा कातळ आहे, दख्खनचा बसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होत असताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. पुढे त्या पोकळ्यांत खनिजं विरघळलेलं पाणी झिरपत राहिलं आणि पांढरे, गुलाबी, काचेसारखे चमकणारे स्फटिक तयार झाले. नाशिक, जळगाव, पुणे या भागांतल्या खाणींत सापडलेले असे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत मांडलेले आहेत. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट अशी त्यांची नावं, आणि कूळ एकच: झिओलाइट.

याच कुळातले, पण कारखान्यात बनवलेले बारीक दाणे आज कित्येक घरांत दम्याच्या किंवा फुप्फुस निकामी होत चाललेल्या माणसाच्या खाटेजवळ गुपचूप काम करत असतात. ऑक्सिजनचं मशीन, म्हणजे कॉन्सन्ट्रेटर, त्यांच्याच जोरावर चालतं. त्यात कुठली टाकी भरलेली नसते. ते खोलीतली हवा घेतं आणि त्याच हवेतून जवळजवळ शुद्ध प्राणवायू काढून देतं. मला हे यंत्र दरवेळी नव्याने थक्क करतं. आणि ते कसं चालतं हे नीट कळलं, की बिघडल्यावर त्यातलं काय आपल्या हातचं आहे आणि काय नाही, हेही आपोआप कळतं.

हवेत ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के प्राणवायू आणि जेमतेम १ टक्का आर्गॉन. मशीनमधला कॉम्प्रेसर ही हवा दाबून झिओलाइटने भरलेल्या एका नळकांड्यात सोडतो. दाण्यांच्या अंगात सूक्ष्म पोकळ्या असतात, इतक्या की एका ग्रॅमच्या आतला पृष्ठभाग ५०० चौरस मीटरच्या पुढे जातो. आपल्याला वाटतं, चाळणीसारखं मोठं अडलं आणि लहान खाली पडलं असणार. तसं नाही. त्या पोकळ्यांची दारं एवढी ऐसपैस असतात की नायट्रोजन आणि प्राणवायू दोघेही आरामात आत शिरतात. फरक पडतो तो विजेमुळे. दाण्यांत सोडियम किंवा लिथियमचे धनभारित आयन बसलेले असतात. नायट्रोजनच्या रेणूत विद्युतभाराची वाटणी अशी असते की तो या आयनांकडे प्राणवायूपेक्षा जास्त ओढला जातो. दाबाखाली नायट्रोजन दाण्यांना चिकटून बसतो, प्राणवायू पुढे निघून जातो.

काही सेकंदांत दाणे नायट्रोजनने भरून जातात. मग झडप फिरते, हवा शेजारच्या दुसऱ्या नळकांड्यात वळते आणि पहिल्याचा दाब एकदम सोडला जातो. दाब गेला की नायट्रोजनही सुटतो. दर काही सेकंदांनी मशीन जो ‘फुस्स’ असा सुस्कारा टाकतं, तो या नायट्रोजनचा. यात दाणे खर्ची पडत नाहीत, काही जळत नाही, कुठलं रसायन भरावं लागत नाही. नुसता दाब वाढवायचा आणि सोडायचा. चार्ल्स स्कारस्ट्रॉम यांना या युक्तीचं अमेरिकन पेटंट १९६० साली मिळालं. बाहेर पडणारा प्राणवायू साधारण ९३ टक्के असतो आणि ९५-९६ च्या पुढे जात नाही, कारण आर्गॉनही नायट्रोजनसारखा अडकत नाही, प्राणवायूच्या सोबतीने निसटतो.

चिंचपाडा ज्या नंदुरबार जिल्ह्यात येतं, तिथल्या लोकांना हीच युक्ती मोठ्या आकारात पाहायला मिळाली. करोनाच्या पहिल्या लाटेत, सप्टेंबर २०२० मध्ये, जिल्हा रुग्णालयात मिनिटाला ६०० लिटर प्राणवायू देणारा प्रकल्प उभा राहिला. तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड स्वतः एमबीबीएस. पुढच्या वसंतात देशभर सिलिंडरसाठी वणवण सुरू झाली, तेव्हा हा आदिवासी जिल्हा स्वतःचा प्राणवायू स्वतः तयार करत होता. खाटेजवळचं पाच लिटरचं मशीन आणि तो प्रकल्प यांत फरक फक्त आकाराचा.

आता बिघाडाकडे येऊ. चिंचपाड्यात मिशनचं रुग्णालय आहे, म्हणजे डॉक्टर गावातच आहेत. पण खेड्यापाड्यांत अशा मशीनचा जाणकार दुरुस्तीवाला बहुधा मोठ्या शहरातूनच येतो, आणि श्वास तोवर थांबून राहत नाही.

मिनिटाला पाच लिटर प्राणवायू काढायचा तर नुसत्या हिशेबाने किमान २२ लिटर हवा लागते. प्रत्यक्षात मशीन त्याच्या दुप्पट-तिप्पट ओढतं. चुलीचा धूर, अंगणातली धूळ, पिठाचा भुगा, सगळं त्या हवेबरोबर जाळीवर येऊन बसतं. जाळी तुंबली की मशीन तापतं, प्राणवायू पातळ होतो. म्हणून पहिला उपाय अगदी साधा: बाहेरची स्पंजची जाळी काढा, साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, पूर्ण सुकवा आणि मगच बसवा. ओली जाळी अजिबात नको. आतल्या हवेच्या वाटेवर असतो तो कागदी फिल्टर मात्र धुवायचा नसतो, बदलायचा असतो. मशीन भिंतीपासून, पडद्यापासून हातभर दूर ठेवा. व्होल्टेज पडत असेल तर स्टॅबिलायझर लावा. कमी व्होल्टेजला कॉम्प्रेसर नुसता घुंईं करतो आणि उठत नाही.

मशीनवर प्राणवायूचा प्रवाह दाखवणाऱ्या काचेच्या नळीतली छोटी गोळी खाली बसली असेल तर आधी नाकाकडे जाणारी नळी बघा. खाटेच्या पायाखाली दबलेली किंवा पीळ पडलेली नळी हे नेहमीचं कारण. गोळी जागेवर आहे पण नाकाशी वारा लागत नाही, तर प्राणवायू ज्यातून जातो त्या पाण्याच्या बाटलीवर संशय घ्या. नाकातली नळी क्षणभर काढून चिमटीत घट्ट धरा. बाटलीची सुरक्षा-झडप शिट्टी देऊ लागली, तर जोड पक्के आहेत. शिट्टी न होता बुडबुडे येतच राहिले, तर हवा कुठून तरी निसटते आहे. बहुतेक वेळा झाकणाचे आटे तिरके बसलेले असतात. झाकण काढून सरळ बसवा. बाटलीत उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्ड पाणी, रोज ताजं.

ही बाटली कशासाठी, याचं उत्तर पुन्हा त्या दगडात आहे. झिओलाइटला नायट्रोजनपेक्षा कितीतरी जास्त ओढ पाण्याची. १७५६ साली स्वीडनचे खनिजशास्त्रज्ञ क्रोनस्टेट यांनी असा एक दगड फुंकनळीच्या ज्योतीत धरला, तेव्हा तो उकळल्यासारखा फसफसला, कारण त्याच्या अंगात पाणी दडलेलं होतं. मशीनमधले दाणेही हवेतला दमटपणा शोषतात, म्हणून बाहेर पडणारा प्राणवायू कोरडाठक्क असतो आणि नाक सुकू नये यासाठी त्याला पाण्यातून नेतात. पण शोषलेलं पाणी नायट्रोजनसारखं दाब सोडल्यावर सहज सुटत नाही. नवापूर भागातल्या पावसाळ्यात महिनोन्‌महिने बंद पडून राहिलेल्या मशीनचे दाणे असे हळूहळू भरत जातात. ते उन्हात वाळत नाहीत. त्यांना शेकडो अंशांची उष्णता आणि तीही कोरड्या हवेत लागते. हे घरी करायचं काम नाही. नळकांडी बदलावीच लागतात.

आणि इथेच या यंत्राचा सर्वांत धोकादायक बिघाड आहे. दाणे निकामी झाले तरी कॉम्प्रेसर चालतो, सुस्कारा येतो, गोळी तरंगते, बुडबुडे उठतात. नाकाला वारा लागतो. फक्त त्या वाऱ्यातला प्राणवायू साध्या हवेच्या जवळ येऊन पोचलेला असतो. डोळ्याला, कानाला, बोटाला हे कळत नाही. प्राणवायू कमी झाला की पिवळा दिवा लावणारा सेन्सर पुष्कळ मशीनमध्ये असतो, सगळ्यांत नसतो. खात्री करायची तर शुद्धता मोजणारं छोटं मीटर लागतं. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर रुग्णाची अवस्था सांगतो, यंत्राची नाही. आकडा घसरला म्हणून मनाने गोळी वर चढवू नका. जुनाट फुप्फुसविकारात गरजेहून जास्त प्राणवायूही घातक ठरतो.

वायर, प्लग, फ्यूज हे गावातला चांगला वायरमन पाहू शकतो. पण ‘आवाज येतोय’ म्हणून कॉम्प्रेसरला तेलाचा थेंबही देऊ देऊ नका. हा कॉम्प्रेसर मुद्दाम बिनतेलाचा बनवलेला असतो. तेल दाण्यांवर गेलं की दाणे गेले, आणि दाट प्राणवायूत तेल-तूप, व्हॅसलीन भडकन पेटू शकतं. चूल, बिडी, देवाजवळची समई मशीनपासून दूरच हवी. दुरुस्ती होईपर्यंत आधार सिलिंडरचा. बी टाइप सिलिंडरमध्ये दीड हजार लिटर मावतात. मिनिटाला दोन लिटरने ते बारा तास पुरतं. ज्या घरात रुग्णाला दिवसरात्र प्राणवायू लागतो, तिथे भरलेलं सिलिंडर मशीनच्या शेजारी असलंच पाहिजे.

२०२१ मध्ये देणगीतून आणि घरच्या पैशांतून आलेली पुष्कळ मशीनं आज माळ्यावर, कपाटामागे पडून आहेत. तुमच्याकडे असेल तर खाली उतरवा, जाळी धुवा, चालू करून बघा. मात्र मीटर लावून शुद्धता तपासून घेतल्याशिवाय ते कुणाच्या रुग्णासाठी उसनं देऊ नका.