प्रयोगशाळेच्या भिंतीपलीकडचं संशोधन

दहावीचा निकाल लागला की घरोघरी एक वाटणी होते. भरपूर गुण मिळाले तर सायन्स, त्याखालोखाल कॉमर्स आणि उरलेल्यांसाठी आर्ट्स. या वाटणीबरोबर ज्ञानाचीही वाटणी आपल्या मनात पक्की होते. संशोधन करतात ते सायन्सवाले, आरोग्य हा डॉक्टरांचा प्रांत आणि समाजाविषयी काय, कोणीही काहीही बोलावं! विद्यापीठांत आणि संशोधन संस्थांत प्रत्यक्ष चालणारं काम पाहिलं, तर ही वाटणी टिकत नाही. आकाशातला तारा असो, तान्ह्या बाळाचं वजन असो की शेतमजुराची कमाई, अभ्यासाची शिस्त एकच असते. प्रश्न नेमका मांडायचा, पुरावा गोळा करायचा आणि निष्कर्ष असा लिहायचा की, तो चुकला असेल तर दुसऱ्याला ती चूक दाखवून देता यावी. या शिस्तीविषयीचे सात गैरसमज पुढे तपासले आहेत. बहुतेक उदाहरणं महाराष्ट्रातलीच आहेत.

गैरसमज १ : संशोधन म्हणजे बंद प्रयोगशाळेतलं काम.

वस्तुस्थिती : जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळच्या खोडद परिसरात प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना सुमारे 25 किलोमीटरच्या टापूत पसरल्या आहेत. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली ही रेडिओ दुर्बीण म्हणजे जीएमआरटी. शहरातला रेडिओ लहरींचा गोंगाट टाळण्यासाठी ती मुद्दाम शिवारात उभारली गेली.

पुणे जिल्ह्यातच घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी 1968 पासून दीर्घकाळ तिथे उत्खनन केलं आणि सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची शेतकरी वस्ती उजेडात आणली. जळके दाणे वनस्पतिशास्त्राच्या जाणकारांनी ओळखले, जनावरांची हाडं प्राणिशास्त्राच्या जाणकारांनी आणि माणसांचे सांगाडे मानववंशशास्त्रज्ञांनी तपासले. काळ ठरवण्यासाठी रेडिओकार्बन पद्धत वापरली. शेवटच्या टप्प्यात चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या दिसू लागतात. म. के. ढवळीकरांनी या बदलाची सांगड कोरड्या होत गेलेल्या हवामानाशी घातली. इतिहासाच्या प्रश्नाचं उत्तर इथे निसर्गविज्ञानाच्या मदतीने मिळालं.

गैरसमज २ : आरोग्य संशोधन म्हणजे नवं औषध शोधणं.

वस्तुस्थिती : आजार कुठून सुरू होतो, हे समजून घेणं हाही आरोग्य संशोधनाचा मोठा भाग आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. त्या गावांतल्या बाळांचं जन्मवजन सरासरी 2.7 किलो होतं, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं 3.5 किलो. आपली बाळं लहानखुरी होती, स्नायू कमी होते, पण त्या मानाने अंगातली चरबी फारशी घटलेली नव्हती. सडपातळ दिसणाऱ्या भारतीयांना मधुमेह का गाठतो, या कोड्याचा एक धागा थेट आईच्या पोटापर्यंत पोचतो, हे त्यातून पुढे आलं.

याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मोजमापं छापली. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, सारखाच, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. वजनकाट्याने निरोगी ठरलेला माणूस आतून तसा असेलच असं नाही, हे त्या दोन आकड्यांनी दाखवलं.

गैरसमज ३ : संशोधन उच्चशिक्षितांनी करायचं, गावाने फक्त माहिती द्यायची.

वस्तुस्थिती : गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवलं. बाळाचं वजन करणं, त्याला ऊब देणं, श्वास मोजणं, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखणं आणि गरज पडल्यास प्रतिजैविक देणं ही कामं या आरोग्यदूत करत. 39 गावांत ही सेवा दिली आणि 47 गावं तुलनेसाठी ठेवली. तिसऱ्या वर्षापर्यंत तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्यूंचं प्रमाण 62 टक्क्यांनी घटलं. 1999 मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. 2011 पासून आशा कार्यकर्त्यांमार्फत घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेणं हा राष्ट्रीय कार्यक्रमाचा भाग बनला. त्या बायकांनी अचूक मोजलं नसतं, नोंदी चोख ठेवल्या नसत्या, तर हा पुरावा उभाच राहिला नसता.

गैरसमज ४ : सामाजिक शास्त्रं म्हणजे विद्वानांची मतं.

वस्तुस्थिती : ‘देशात गरिबी फार आहे’ हे मत झालं. गरीब कोणाला म्हणायचं, ते किती आहेत आणि कुठे आहेत, हे सांगणं म्हणजे संशोधन. पुण्याच्या गोखले संस्थेतले प्रा. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी 1971 मध्ये भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणशी रोज 2250 कॅलरी देणारं अन्न घेता येईल एवढा खर्च ही त्यांनी दारिद्र्याची रेषा मानली आणि ती राष्ट्रीय नमुना पाहणीच्या खर्चाच्या आकड्यांना लावून पाहिली. 1960-61 मध्ये ग्रामीण भागातले सुमारे 40 टक्के आणि शहरांतले सुमारे 50 टक्के लोक या रेषेखाली होते, असा त्यांचा निष्कर्ष निघाला.

निकष उघड मांडलेला असल्यामुळे त्याला आव्हानही देता आलं. संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांचं म्हणणं असं होतं की, माणसाची कॅलरींची गरज रोज तेवढीच नसते. शरीर काही मर्यादेत स्वतःला सांभाळून घेतं, म्हणून सरासरीच्या खाली खाणारा प्रत्येक जण कुपोषित मोजणं चूक आहे. दांडेकरांनी त्याला सविस्तर उत्तर दिलं. अर्थशास्त्र, शरीरशास्त्र आणि संख्याशास्त्र या तिन्ही विद्या या एकाच वादात कामाला लागल्या होत्या आणि दोन्ही बाजूंनी पुढे केले जात होते ते आकडे.

गैरसमज ५ : शास्त्रज्ञ सारखं मत बदलतात, म्हणून त्यांच्यावर विश्वास ठेवू नये.

वस्तुस्थिती : 1960 च्या दशकात जगभर असं मानलं जात होतं की, गरीब देशांतल्या कुपोषणाचं मूळ प्रथिनांच्या तुटवड्यात आहे. प्रथिनांच्या पूरक आहारासाठी आंतरराष्ट्रीय पातळीवर योजना आखल्या जात होत्या. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख राहिलेले सुखात्मे यांनी आकडेवारीच्या आधारे वेगळी बाजू मांडली. लोक पोटभर धान्य आणि डाळी खात असतील, तर बहुतेकांची प्रथिनांची गरज त्यातून भागते. खरी उणीव आहे ती पोटभर अन्नाची, असं ते सांगत राहिले. 1973 मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने प्रथिनांच्या गरजेचे आकडे खाली आणले आणि जुनी समजूत मागे पडली. पुरावा बदलल्यावर मत बदलणं हे विज्ञानाचं बळ आहे. पुरावा समोर असूनही जो मत बदलत नाही, त्याच्यापासून सावध राहायला हवं.

गैरसमज ६ : ज्याचा लगेच उपयोग नाही, त्या संशोधनावर पैसा घालवू नये.

वस्तुस्थिती : 1960 च्या दशकात अमेरिकी जीवशास्त्रज्ञ थॉमस ब्रॉक यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या गरम पाण्याच्या झऱ्यांत कोणते जीव राहतात ते पाहत होते. इतर जीव मरतील एवढ्या उष्णतेत वाढणारा एक जिवाणू त्यांना सापडला. 1983 मध्ये कॅरी मुलिस यांना डीएनएच्या प्रती वाढवण्याची पीसीआर पद्धत सुचली. या पद्धतीत नमुना पुन्हा पुन्हा तापवावा लागतो. ती सोपी आणि स्वयंचलित झाली ती उष्णता सोसणाऱ्या त्या जिवाणूच्या विकरामुळे. कोरोनाकाळात तालुक्याच्या गावीही सर्वांच्या तोंडी झालेली आरटीपीसीआर चाचणी याच पद्धतीवर उभी आहे. ब्रॉक झऱ्याकाठी काम करत होते तेव्हा या चाचणीची कल्पनाही कोणाला नव्हती.

गैरसमज ७ : नामांकित नियतकालिकात छापून आलं, म्हणजे सिद्ध झालं.

वस्तुस्थिती : 1998 मध्ये अँड्र्यू वेकफिल्ड आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात अवघ्या 12 मुलांची माहिती होती आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. तरीही त्यावरून गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या एकत्रित लशीमुळे स्वमग्नता येते अशी भीती पसरली. 2002 मध्ये डेन्मार्कमधल्या पाच लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा असा कोणताही संबंध आढळला नाही. 2010 मध्ये ‘लॅन्सेट’ने तो निबंध मागे घेतला.

छपाईपूर्वी त्याच विषयातले इतर अभ्यासक निबंध तपासतात, याला पीअर रिव्ह्यू म्हणतात. ही पहिली चाळणी झाली. खरी परीक्षा नंतर होते. दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या माणसांनी, जास्त मोठ्या गटावर तोच प्रश्न तपासला आणि उत्तर तेच आलं, तर त्या निष्कर्षावर भरवसा ठेवता येतो.

म्हणून यापुढे ‘नव्या संशोधनानुसार’ अशी बातमी वाचली किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर आली, तर पुढे पाठवण्याआधी तीन गोष्टी विचारा. अभ्यास किती जणांवर झाला? त्यांची तुलना कोणाशी केली? आणि दुसऱ्या कोणी हा निष्कर्ष पडताळला आहे का? हे प्रश्न औषधाच्या बातमीला जितके लागू आहेत, तितकेच हवामानाच्या आणि गरिबीच्या बातमीलाही आहेत. आणि घरातल्या मुलाला किंवा मुलीला इतिहास, अर्थशास्त्र किंवा समाजशास्त्र शिकावंसं वाटत असेल, तर ‘त्यात संशोधन कसलं?’ असं म्हणून त्यांना मागे खेचू नका. इनामगावच्या मातीपासून गरिबीच्या रेषेपर्यंत या राज्यात झालेलं मोलाचं संशोधन अशाच विषयांच्या अभ्यासकांनी केलं आहे.